पाठभेद
(द्वितीय वर्ष, कला)

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून कॉलेजची पायरी चढणारी घरातली मीच पहिली. आजीला अक्षरओळख नाही. पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात, याची मोजदाद तिलाही नाही. मराठीच्या वर्गात ओव्या जमवायचे ठरले तेव्हा म्हणूनच मी पुढे होऊन नाव दिले. आजी सांगे, मी लिहून घेई आणि मग टाइप करी. सगळ्या फाईली एका झिपमध्ये बांधून मी मैत्रिणीकडे तपासायला दिल्या. आठ दिवसांनी तिची झिप आली. फाईली तितक्याच, नावेही तीच. मग बदलले काय?

झिप म्हणजे गाठोडेच. पण हे गाठोडे न सोडताही आत काय आहे ते कळते. प्रत्येक फाईलचे नाव, आकार, तारीख आणि मजकुरावरून काढलेला सीआरसी नावाचा एक ताळ्याचा अंक झिपमध्ये नोंदलेला असतो. एक अक्षर बदलले तरी हा अंक बदलतो. विनमर्जसारखे मोफत सॉफ्टवेअर दोन झिप शेजारी शेजारी मांडून कोणत्या फाईली सारख्या आणि कोणत्या वेगळ्या ते सांगते, आणि वेगळ्या ओळी रंगवून दाखवते. माझ्या पडद्यावर बहुतेक फाईली 'वेगळ्या' निघाल्या!

काही फरक तर डोळ्यांना दिसेचनात. 'म्हाताऱ्या' हा शब्द दोन्हीकडे एकसारखाच. पुढे उलगडा झाला. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या 'र'ला न दिसणारे जोडचिन्ह देऊन. माणसाला शब्द एक, यंत्राला दोन. असे फरक मी बाजूला काढले.

उरलेले फरक मात्र खरे होते. आजीच्या 'व्हतं'चे 'होते' झाले होते, 'न्हाई'चे 'नाही', आणि 'कामून'च्या जागी 'का बरे' बसले होते. मैत्रिणीचा हेतू चांगलाच होता. ती म्हणाली, "अगं, पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायला नको का?" मला उत्तर सुचेना. पण त्या रंगवलेल्या ओळींत आमचे अख्खे घर पुसले गेल्यासारखे वाटले.

वर्गात सरांनी सांगितलेली एक गोष्ट तेव्हा आठवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. त्यासाठी 1259 हस्तलिखिते तपासली गेली. पंडितांनी श्लोकागणिक तक्ते करून पोथीपोथीतले फरक हाताने टिपले. विष्णु सीताराम सुखटणकरांसारख्या विद्वानाचे आयुष्य त्यात खर्ची पडले. त्यांनी एक पाठ वर घेतला, पण वेगळे पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपेत जपले. वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावे, हा त्यातला प्रामाणिकपणा.

यंत्र फरक दाखवते. कोणता पाठ ठेवायचा हे ते सांगत नाही. म्हणून मी आजीलाच विचारले. दोन्ही पाठ वाचून दाखवले. तिला मैत्रिणीचाच आवडला! "ह्यो शहान्या मानसावानी हाय. ह्योच छापा," म्हणाली. मी हिरमुसले. मग म्हटले, "माय, हाच म्हणून दाखव की." तिने सूर लावला. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत 'का बरे'पाशी ती अडखळली. पुन्हा सुरू केले तेव्हा तिच्या तोंडून आपसूक 'कामून' आले आणि ओवी सरळ चालू लागली. आपण काय म्हटले हे तिच्या ध्यानातही आले नाही.

आता मी आणि मैत्रीण मिळून तिसरी प्रत करतो आहोत. वर आजीचा शब्द, खाली त्याचा अर्थ. 'का बरे' गेलेले नाही. ते तळटीपेत आहे.