एका कृमीचं देणं

आनुवंशिकतेबद्दलची माझी समजूत कॉलेजात जाईपर्यंत 'खाण तशी माती' एवढीच होती. पुढे मेंडेलचे वाटाणे आले, जीन आले, तरी मनातलं गणित तेच राहिलं: एक जीन, एक गुण. मार्क मिळत गेले, त्यामुळे शंका घ्यायची वेळच आली नाही.

ती वेळ आणली सी. एलेगन्स या सूत्रकृमीनं. लांबी जेमतेम 1 मिलिमीटर, अंग पारदर्शक. सिडनी ब्रेनर यांनी 1960च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला अभ्यासासाठी निवडलं ते त्याच्या साधेपणामुळे. प्रौढ उभयलिंगी कृमीत कायिक पेशी 959, त्यांपैकी चेतापेशी 302.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मॅडमनी टूथपिकला चिकटवलेला भुवईचा केस माझ्या हातात दिला. "डोक्याजवळ हलकेच टेकव." कृमी मागे सरकला. शेपटीकडे टेकवला, तर पुढे पळाला. दुसऱ्या डिशमधले कृमी आगरवरचे जिवाणू मजेत खात होते, पण केस लागला तरी ढिम्म. तिसऱ्या डिशमध्येही तेच. "या दोघांत फरक काय?" मॅडमनी विचारलं. मला काहीच दिसेना.

फरक मॅडमनी समजावला. हलका स्पर्श ओळखायला या कृमीकडे अवघ्या सहा चेतापेशी असतात. मेक-3 हा जीन त्या पेशींत स्पर्शासाठी लागणारे इतर जीन चालू करतो. तो बिघडला तर पेशी जन्मतात, पण स्पर्शपेशी म्हणून घडत नाहीत. मेक-4पासून स्पर्शानं उघडणाऱ्या आयनमार्गाचा एक भाग बनतो. तो निकामी झाला तर पेशी घडलेली असते, पण तिला स्पर्श कळत नाही. वागणं एकच, दोष एकदा घडणीतला, एकदा कामातला. मार्टिन चाल्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कृमी तपासत ही साखळी उलगडली.

मग जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेली पेशींची वंशावळ वाचली. जन्मणाऱ्या 1,090 कायिक पेशींपैकी 131 ठरल्या वेळी मरतात. सेड-3 किंवा सेड-4 जीन निकामी झाला, तर त्यांतल्या बहुतेक जगतात, हे रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. मरणसुद्धा घडणीचाच भाग असतं, हे मला तेव्हा कळलं. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002चं नोबेल मिळालं.

मी संशोधक झालो नाही, तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. वर्गात एखादा मुलगा गप्प राहिला, तर 'ढ' म्हणून मोकळं होणं आता जमत नाही. एका गप्प राहण्यामागे कारणं वेगवेगळी असू शकतात, ही सवय मला त्या दोन डिशनी लावली. हे देणं फिटण्यातलं नाही.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना एकच विनंती: 'अमुक गुणाचा जीन' असं फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना मेक-3 आणि मेक-4ची गोष्ट सांगा.