पंपाची टिकटिक

जुन्या यंत्रांशी ज्यांचा संसार असतो, त्यांना डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. आमच्या घरी 1967 सालची एमजीबी आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही स्पोर्ट्स कार तयार होत असे. वडिलांच्या पश्चात आम्ही भावंडे तिची देखभाल करतो.

2025 च्या पावसाळ्यानंतर तिने एक नवा हट्ट धरला. वडोदऱ्याच्या गल्लीबोळांत ती निमूट चाले. हालोलच्या वाटेवर वेग घेतला, की पंधरा-वीस मिनिटांत आचके देऊन बंद पडे. घटकाभर विसावली, की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा निघे. एका मेकॅनिकने कार्ब्युरेटर बदलण्याचा सल्ला दिला, तर हितचिंतकांनी गाडीच काढून टाकण्याचा.

दोन्ही सल्ले बाजूला ठेवून आम्ही पंपाकडे कान लावला. या गाडीचा एसयू बनावटीचा विजेवरचा पंप मागे, टाकीजवळ असतो. किल्ली फिरवताच तो टिकटिकू लागतो आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटची भांडी भरली, की गप्प होतो. निम्मे निदान या आवाजातच सामावलेले आहे. टिकटिक घाईची व अखंड असेल, तर टाकी रिकामी आहे किंवा टाकी आणि पंप यांच्या दरम्यान कोठेतरी हवा शिरते आहे. आवाजच नसेल, तर पंपाला वीज पोहोचत नाही, त्याचे पॉइंट काजळले आहेत, अथवा पुढची वाट बंद आहे.

गाडी अडली तेव्हा पंप मुका होता. वीज तपासली, ती येत होती. इंजिन निवल्यावर फ्लोटचे भांडे उघडले, तर तळाशी जेमतेम पेट्रोल. पंपाच्या पुढची नळी सैल करताच मात्र तो पुन्हा बोलू लागला. पंप निर्दोष होता; भांडी भरली, अशी त्याची कोणीतरी फसवणूक करीत होते.

दोष सापडला तो कार्ब्युरेटरजवळच्या वीतभर रबरी नळीत. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. उभी चिरली, तेव्हा आतला थर फुगून सुटलेला दिसला. संथ वाहणाऱ्या पेट्रोलला तो वाट देई. इंजिनाची मागणी वाढली, की प्रवाहाबरोबर वळून दार लावून घेई.

याचे मूळ आजच्या इंधनात आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने 2025 मध्ये गाठले. इथेनॉल जुन्या काळच्या रबराला फुगवते, ओलावा शोषून घेते आणि लोखंडी टाकीत गंजाला निमंत्रण देते. शिवाय त्याच्यात प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होते.

आम्ही टाकी उपसून गाळ काढला, साऱ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवल्या आणि जेट किंचित खाली घेऊन पेट्रोलचे प्रमाण वाढवले. कार्ब्युरेटर वडिलांच्या वेळचेच राहिले. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या घराण्यांना हे वेगळे सांगायला नको: नव्या ठिकाणचे पाणी मानवून घ्यावेच लागते, पण त्यासाठी पिंड बदलावा लागत नाही. कुठली नळी बदलायची, एवढे मात्र कान देऊन ओळखावे लागते.