आमचा कॅमेरा आणि सहा ऋतू

कॅमेरा घ्यावा ही माझी इच्छा फार जुनी. पण मराठीच्या प्राध्यापकाची इच्छा आणि तिची पूर्तता यांच्यामध्ये नेहमी एखादा वेतन आयोग उभा असतो. २०२३ च्या जूनमध्ये थकबाकीचा एक हप्ता हाती पडला आणि फ्रिज बदलावा की कॅमेरा घ्यावा, असा प्रश्न घरात निघाला. फ्रिजच्या बाजूने सौभाग्यवती, मोबाइलच्या बाजूने दोन्ही मुले आणि कॅमेऱ्याच्या बाजूने मी एकटा. आई तेवढी तटस्थ होती. "घेऊ दे गं त्याला," ती सुनेला म्हणाली, "दारूबिरू तर पीत नाही ना?" एवढ्या भरभक्कम शिफारशीवर कॅमेरा घरात आला.

माझा बेत मोठा होता. सहा ऋतूंत सहा ठिकाणी जायचे आणि वर्षाअखेर सहा निसर्गचित्रे दिवाणखान्यात लावायची. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून केला आहे. पण माझा कॅमेरा मृगात आला, म्हणून मी वर्षा ऋतूपासून सुरुवात केली. या फरकाचे महत्त्व मला पुढे वर्षभराने कळले.

जुलैत ताम्हिणी घाट गाठला. गाडीतला गारवा सोडून बाहेर उतरलो, कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर नुसता पांढरा पडदा! धुके उतरले, असे समजून दहा मिनिटे थांबलो. एक मक्याचे कणीस विकणारी बाई म्हणाली, "साहेब, काच पुसा की!" गार भिंगावर बाहेरच्या दमट हवेचे पाणी धरले होते. उन्हाळ्यात थंड तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच. काच पुसून काढलेल्या चित्रांत आभाळ पांढरेफटक आणि डोंगर काळेठिक्कर आले. आपला डोळा ढग आणि दरी दोन्ही एकदम पाहू शकतो. कॅमेऱ्याला एकाचीच बाजू घ्यावी लागते. धबधबा मात्र साधला. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवला, तेव्हा पाणी दुधासारखे उतरले.

घरी सगळ्यांना चित्र दाखवले. आईने चष्मा वर-खाली करून पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. पण इथं राहतं कोण?"

"अगं, हे निसर्गचित्र आहे. यात माणसं नसतात."

"असं होय," ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक महिन्यात पाऊस पडला आणि निज श्रावणात त्याने जी दडी मारली, ती मारलीच. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला नव्हता. मला त्याचे दुःख झाले, ते कशाचे? तर मनासारखे ढग मिळेनात, याचे! आज हे लिहिताना थोडी शरम वाटते.

शरदात कासच्या पठारावर गेलो. साताऱ्याच्या डोक्यावर सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा माळ. माती इतकी पातळ, की झाड रुजत नाही. पण पावसाळ्याच्या अखेरीस त्या बोटभर मातीत फुलांचे गालिचे पसरतात. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि 'सीतेची आसवे' हे सुंदर नाव लाभलेले निळे-जांभळे फूल, जे खरे तर बारीक किडे पकडून खाते! २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कासही आहे. मी चित्राच्या धुंदीत तिकाटण्याचा एक पाय कुंपणापलीकडे टाकला, तोच शिट्टी वाजली. "सर," पहारेकरी पोरगा म्हणाला, "तुमच्या एका फोटोपायी पन्नास फुलं मेली असती." वर्गात विद्यार्थी मला असे बोलले असते, तर मी रागावलो असतो. इथे मुकाट्याने पाय मागे घेतला.

हेमंतात वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर पहाटे जाऊन बसलो. कृष्णेवर वाफ तरंगत होती. सूर्य वर येईपर्यंतच्या त्या वीस मिनिटांत उजेड तिरपा असतो, प्रत्येक पायरीला आपली सावली मिळते आणि दगड बोलू लागतो. दुपारच्या उन्हात तोच घाट सपाट दिसतो. आपण ज्याला छायाचित्र म्हणतो त्यात छायेला किती मान आहे, हे मला त्या दिवशी उमगले. आईने ते चित्र बराच वेळ पाहिले. "आमच्याकडंही नदीला अशा पायऱ्या होत्या," एवढेच म्हणाली.

आता आईच्या माहेराविषयी सांगायला हवे. तिचे माहेर इंदापूर तालुक्यातले पळसदेव, भीमेच्या काठचे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे पसरले. यशवंतसागर असे त्या जलाशयाचे नाव. त्यात अनेक गावे गेली. पळसदेव उठून वर सोलापूर रस्त्याजवळ वसले, देवही वर नेला. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ मात्र पाण्यातच राहिले. मी तेव्हा रांगत होतो. आजोळ म्हणून मला आठवते ते नवे गाव. जुन्याविषयी आई कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारले नाही. विद्यार्थ्यांना मी ग्रामीण साहित्य शिकवतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

शिशिरात, जानेवारीच्या एका पहाटे, भिगवणला रोहित पक्षी टिपायला गेलो. उजनीच्या याच पाण्यावर हिवाळ्यात पाखरांचे संमेलन भरते. उथळ पाण्यात चोच उलटी करून चरणारी ती गुलाबी पलटण पाहून मी शंभर-सव्वाशे चित्रे काढली. नाव हाकणारा म्हणाला, "सर, यंदा पाणी लई लवकर उतरायलंय. उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ पायापासून उघडं पडतंय बघा."

घरी आल्यावर रोहितांची चित्रे दाखवता दाखवता मी सहज ते सांगितले. आईचा हात थांबला. जरा वेळाने म्हणाली, "मग मला घेऊन चल."

वसंतातली माझी सफर भोरच्या पुढे पळसासाठी होती. फाल्गुनात पळस पान टाकतो आणि नुसता पेटतो. चित्र खरोखरच उत्तम आले. आई म्हणाली, "चांगलं आहे. आमच्या गावाच्या नावातच पळस आहे. देवळाला कधी जायचं?"

ग्रीष्म आला. उजनीत एकंदर ११७ टीएमसी पाणी मावते. पण त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठा म्हणून तळाशी असते. ते वापरात आले, की वर्तमानपत्रे 'उजनी उणे' असे मथळे देतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे वाढत गेले आणि देऊळ वर येत गेले. मे महिन्यात आम्ही निघालो. सकाळचा तिरपा उजेड मिळावा म्हणून चारला निघायचे ठरले होते. पण आईचे स्नान, पूजा आणि माहेरी न्यायचे लाडू यांत सात वाजले. पोचलो तेव्हा साडेअकराचे ऊन डोक्यावर होते. छायाचित्रणाला याहून वाईट वेळ नाही.

रस्ता संपला तिथून पुढे भेगाळलेला गाळ. त्या भेगांची नक्षी इतकी देखणी होती, की मी गुडघे टेकून चित्रे काढू लागलो. शेळ्या राखणारा एक म्हातारा जवळ आला. "कशाचे फोटू काढता?"

"या भेगांचे."

"आमचा ऊस जळून चाललाय, मोटारीचे पाइप पाण्यामागं रोज पुढं न्यायला लागतात, आन् तुमी भेगांचे फोटू काढताय होय?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होते. मी उठून उभा राहिलो. मग त्याने आईकडे निरखून पाहिले. "आक्का, तुमी हितल्याच का?" तिने वडिलांचे नाव सांगितले. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "मग तुमाला वाट कशाला सांगायची?"

खरोखरच नको होती. दगडी देऊळ, त्यावरचे शिखर, भोवती पडलेल्या वीरगळी. आईने पायरीला हात लावून नमस्कार केला, वळली आणि चालू लागली. गुडघेदुखीमुळे आमच्या सोसायटीच्या जिन्यात दोनदा थांबणारी माझी आई त्या उखणलेल्या गाळातून सरळ चालत होती. "ही चावडी. इथून डावीकडं बोळ. इथं सोनाराचं घर." मला दिसत होते ते दगडांचे ढीग आणि अर्धवट जोती. एका जोत्यापाशी ती थांबली. "हा आमचा सोपा. इथं जातं होतं." बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "घे की फोटो. एवढ्यासाठीच कॅमेरा घेतलास ना?"

मी घेतला. आभाळ पांढरे, सावली पायाखाली, चेहरा पदरात बुडालेला. छायाचित्रणाच्या नियमाने पाहिले तर टाकाऊ चित्र. नंतर देवळापासून नदीपर्यंतचा तो सगळा ओसाड पट्टा मी एका चौकटीत बसवला. आईच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर होते. पण तिने तो विचारला नाही.

त्या ऑगस्टमध्ये उजनी भरली आणि ती जागा पुन्हा पाण्याखाली गेली. ऊस वाचला, सोलापूरच्या नळांना पाणी आले. कोणाला वाईट वाटावे असे त्यात काही नव्हते. दिवाळीत भाऊबीजेला मामामंडळी आली, तेव्हा मी तो पट्टा मोठ्या आकारात छापून आणला होता. धाकट्या मामाने खिशातले बॉलपेन काढले आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत माझ्या निसर्गचित्रावर एक चौकोन काढला. "ही आपली विहीर." "विहीर कुठली? विहीर चिंचेच्या पलीकडं," आईने पेन हिसकावले. पाहता पाहता शाळा आली, तालीम आली, कुंभारआळी आली. नदीकाठच्या लिंबावरून दोन्ही मामांत असे भांडण जुंपले, की चकल्या गार झाल्या. मुले मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती.

सहा चित्रांपैकी पाच चौकटीत घालून भिंतीवर लावली आहेत. सहावे लावलेले नाही. ते कपाटात गुंडाळून ठेवले आहे, कारण दर सणाला कोणीतरी येते, ते उघडते आणि आणखी एक घर काढते. वरच्या उजव्या कोपऱ्यात, वेशीपाशी, अजून थोडी जागा कोरी आहे. तिथे काय होते हे सांगू शकणाऱ्या एक आत्याबाई अकलूजला असतात, असे आई म्हणते. या सुटीत आम्ही दोघे चित्र घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. कॅमेरा बरोबर घ्यावा की नाही, हे अजून ठरलेले नाही. पेन मात्र घेतले आहे.