बावीस वर्षांचे अकरा महिने

माझी सगळी नोकरी पर्सोनेल खात्यात गेली. कारखाना विकला गेला की कामगारांच्या हातात हिशेबाचं पत्र ठेवणारा माणूस मी. पत्राला आधार औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफएफचा, आणि ते कलम मला अगदी चोख वाटायचं.

त्यामागची गोष्ट आपल्या बार्शीची आहे. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारनं घेतली. कामगारांनी जुन्या कंपनीकडे भरपाई मागितली. सुप्रीम कोर्ट १९५६ मध्ये म्हणालं, धंदा दुसऱ्याकडे जाणं म्हणजे कामगारकपात नव्हे. त्यावर १९५७ मध्ये कलमाला पुढे टिकलेलं रूप आलं: नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. नवा मालक जुनी नोकरी सलग धरून त्याच अटींवर ठेवून घेत असेल, तर तोही नाही.

पण ठेवून घ्यायचं की नाही, हे मालकानं ठरवायचं. युनियनवाले याच मुद्द्यावर भांडायचे. मी त्यांच्यापुढे अनकापल्लेच्या साखर कारखान्याचा निकाल टाकायचो: नव्या मालकाकडे नोकरी मागण्याचा हक्क नाही. वर ऐकवायचो, "यंत्रं घेणाऱ्याच्या गळ्यात माणसं का बांधता? पैसे दिले ना?"

एका विक्रीत टूलरूमचा एक फिटर समोर बसला होता. बावीस वर्षं, गुणिले पंधरा, तीनशे तीस दिवस. अकरा महिन्यांचा पगार. आकड्यावर तो काहीच बोलला नाही. म्हणाला, "साहेब, पतपेढीत मी दोघांना जामीन आहे. आता माझी सही चालेल का?"

मी कागद चाळत बसलो.

नव्या मालकानं त्याला घेतलं, त्याच टेबलावर. ओळखपत्रावर रुजू दिनांक मात्र त्या महिन्याचा. स्वतः बनवलेल्या जिगवर हा माणूस प्रोबेशनवर! ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

आता मी युनियनवाल्यांच्या बाजूला आहे. धंदा विकला की नोकरी कायद्यानंच त्याच्याबरोबर जावी. ज्याला जायचं नसेल त्यानं भरपाई घ्यावी. ब्रिटनमध्ये १९८२ पासून करार आपोआप नव्या मालकाकडे जातो, म्हणून तिथली खरेदी-विक्री थांबलेली नाही. आपल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं मात्र जुनीच चौकट उचलली. आजारी कारखान्याला गिऱ्हाईक मिळणार नाही ही माझी भीती अजून पुरती गेलेली नाही, हेही कबूल करतो.

पतपेढीच्या सेक्रेटरीला मी पुढे कधीतरी विचारलं. त्या दोघांना त्यानं नवा जामीन आणायला लावलं होतं.