ईसीएमवर आरोप करण्यापूर्वी

सेल्फ मारतोय पण इंजिन पकडत नाही, स्कॅनर लावला तर इंजिनाकडून उत्तर नाही, असं झालं की गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतंच, "ईसीएम गेला." म्हणायला ते सोपं असतं. इंजिनाचा सगळा कारभार पाहणारी ही बंद पेटी. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून जे समजलं नाही ते तिच्या नावावर टाकता येतं. पण नवी पेटी बहुतेक गाड्यांत दहा हजारांच्या पुढेच जाते, काहींत त्याच्या कितीतरी पट. शिवाय पार्टच्या दुकानात पाटी असते, इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही. निदान चुकलं तर भुर्दंड गाडीमालकाला. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो आणि मग वर्षभर सांगत राहतो.

माझं काम सिंहगड रस्त्यावरच्या एका आतल्या गल्लीत चालतं. या भागात पाण्याचा विषय काढावा लागत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगरकडच्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या पुण्याने पाहिल्या. 25 जुलै 2024 ला मुठेचं पाणी एकतानगरीच्या सोसायट्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. त्या दिवशी बंद पडलेली गाडी त्या मानाने सोपी. तिला काय झालंय ते सगळ्यांना दिसतं. खरा कस लागतो तो पुरातून वाचलेल्या गाडीपाशी. ती धुतली जाते, सुकवली जाते, मस्त चालते, आणि दिवाळीनंतर कधीतरी सिग्नलला उभी असताना मरते.

अशीच एक डिझेल गाडी टो करून आली. मालक नदीकाठच्या सोसायटीतले निवृत्त काका. पाणी सीटपर्यंतच आलं होतं, त्यानंतर गाडी चार महिने विनातक्रार चालली, त्यामुळे पुराचा संबंध असेल असं त्यांना वाटत नव्हतं. आधी जिथे दाखवली होती तिथे ईसीएम बदलायला सांगितलेलं.

स्कॅनर लावला. एबीएस बोलत होता, एअरबॅग बोलत होती, इंजिन गप्प. एबीएसच्या नोंदीत यू0100 हा कोड पडलेला, म्हणजे इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. या कोडचा अर्थ एवढाच, की उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं. पुष्कळ लोक इथेच पाना हातात घेतात.

मी मीटर घेतो. गाडीतले मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ते एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून. कॅन नावाची ही पद्धत बॉशने 1986 मध्ये जगापुढे आणली. या जोडतारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजलं तर 60 ओहम आले पाहिजेत. 120 आले तर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. इथे 60 आले. बोलायची वाट शाबूत होती.

मग वीज आणि अर्थिंग. इथे मीटर फसवतो. तारेतले सगळे धागे कुजले आणि एकच शाबूत राहिला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. तारेवर भार टाकायला हवा. मी ईसीएमचा कपलर काढून सप्लायच्या पिनेवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावतो. काकांच्या गाडीत मीटरवर साडेबारा होते. बल्ब लावला तर बल्बमधली तार जेमतेम लाल झाली आणि आकडा चारवर आला. दोष तारेत होता, एवढं तरी नक्की झालं.

कपलरचं मागचं रबर सोडवून पिना बाहेर ओढल्या. अर्थिंगच्या पिनांवर हिरवी भुकटी बसलेली. आणि जिला चावी बंद असतानाही बॅटरीची वीज कायम असते, ती पिन टोकाला सुईसारखी झिजलेली. ओल आणि वीज एकत्र आली की धन बाजूचा धातू विरघळत जातो. गाडी पार्किंगमध्ये उभी असते तेव्हाही रात्रंदिवस हे चालू असतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर हार्नेसच्या जोडावरची चिंधी टेप अजून दमट होती. चार महिन्यांनी! तिथलं पाणी तारेच्या आवरणाखालून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, धाग्याधाग्याने ईसीएमच्या कपलरपर्यंत गेलं होतं.

तांबं स्वच्छ लाल दिसेपर्यंत तारा मागे कापत गेलो. वरून चांगली दिसणारी तार सोलली की आत काळी निघायची. काही ठिकाणी वीतभर कापावी लागली. नव्या तारा, नव्या पिना, आतून गोंद असलेल्या स्लीव्ह. आता बल्ब लख्ख पेटला, अर्थिंगला भाराखाली शून्य पूर्णांक एक व्होल्टपेक्षा कमी घट. कपलर बसवला, चावी फिरवली. ईसीएम तरीही गप्पच.

अजून एक साक्ष बाकी होती. ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक सेन्सर जरी शॉर्ट झाला तरी तो सगळे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि चांगला ईसीएम मेल्यासारखा वागतो. म्हणून सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जायचं आणि पाच परत येतात का पाहायचं. कितीतरी गाड्यांत ते येतात, आणि लहानशा सेन्सरवर काम भागतं. इथे सगळे काढले तरी आले नाहीत. वीज पोचतेय, अर्थिंग पक्कं, जोडतार ठीक, बाहेर ओढणारं कुणी नाही, आणि पेटी स्वतःचे पाच व्होल्ट तयार करत नाही. तेव्हा कुठे मी काकांना फोन करून सांगितलं, "ईसीएम खरंच गेलाय." आधीच्या गॅरेजचं निदान बरोबर निघालं असं त्यांना वाटलं. पण ती कुजलेली वायरिंग तशीच ठेवून नवी पेटी बसवली असती, तर तीही त्याच वाटेने गेली असती.

नवी आणायची कुठून हा वेगळाच प्रश्न. जुन्या बाजारात, भंगारात, तुटलेल्या गाड्यांचे ईसीएम मिळतात. पण वरचा पार्ट नंबर आणि आतल्या सॉफ्टवेअरचा नंबर, दोन्ही जुळायला हवेत, आणि त्या पेटीला परक्या गाडीची चावी ओळखीची असते. इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीतली चिप आणि ईसीएम यांची गाठ बांधलेली असते. ती जुळवल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ही गाठ सोडवणारी साधनं बाजारात आहेत. ज्याला ती वापरता येतात त्याला चोरीची गाडीही चालू करता येते, म्हणून आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी चावीच्या कामाला हात लावत नाही. ओळखीचा माणूस असला तरी नाही. काकांची पेटी शेवटी चासी नंबर देऊन कंपनीकडूनच मागवली.

स्वतंत्र गॅरेजवाल्याला सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू नयेत, हा प्रकार भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये बेकायदा ठरवला आणि 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तेव्हापासून परिस्थिती काहीशी सुधारली, पण गाड्या त्याहून वेगाने बदलल्या. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आल्यापासून स्कूटरच्या पोटातसुद्धा ईसीएम आहे. आज गल्लीतल्या दुचाकीच्या मेकॅनिकला जर स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा मिळाला नाही, तर त्याचं दुकान नुसत्या ऑइल बदलण्यावर येईल. हे मला मनापासून लागतं, कारण हात आणि कान तयार असलेले फार चांगले कारागीर त्यात मागे पडताहेत.

पेटी आली. बोल्ट काढून बसवायला दहा मिनिटं. पण नव्या पेटीला या गाडीबद्दल काहीच माहीत नसतं. चासी नंबर, गाडीत काय काय बसवलेलं आहे ते, चाव्या, सगळं तिला सांगावं लागतं. डिझेलमध्ये त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे इंजेक्टर. एकाच कारखान्यातून निघालेले चार इंजेक्टरही तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत. प्रत्येकाचा फरक मोजून कारखान्यात त्याच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड छापलेला असतो. जुना ईसीएम जिवंत असेल तर हे कोड त्याच्यातून वाचून नव्यात घालता येतात. मेलेला काय सांगणार? वरचं कव्हर काढून, ब्रशने काजळी पुसून, आरसा आणि टॉर्च धरून एकेक कोड वाचला, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. बी आणि आठ, शून्य आणि ओ यांत गल्लत झाली तर इंजिन आयडलला ठोके देतं, धूर काढतं, आणि मग दोष कुठे शोधायचा?

ही माहिती पेटीत लिहिण्याचं काम चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर नवी कोरी पेटी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते. म्हणून बॅटरीला स्थिर सप्लाय जोडायचा, हेडलाइट आणि ब्लोअर बंद, गाडीचं दारही उघडायचं नाही. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे पुण्यात पोराटोरांना ठाऊक आहे. गुरुवारी मी हे काम काढतच नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी चालू झाली. लगेच चावी हातात दिली नाही. ईसीएम चारही इंजेक्टरसाठी करत असलेल्या दुरुस्तीचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते स्कॅनरवर पाहिलं, इंजिन गरम झाल्यावर पुन्हा पाहिलं, कात्रजच्या घाटात चढावर भार देऊन पाहिलं. रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर एकदा. आकडे कागदावर लिहून बिलाला टाचले, जुनी पेटी आणि कापलेल्या काळ्या तारा पिशवीत घालून काकांना दिल्या. त्यांनी विचारलं, आता किती दिवस बघायचं नाही? मी म्हटलं, जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की गाडी घेऊन या. गालिचा उचलून जोड बघतो, कपलर उघडून पिना बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे पैसे लागणार नाहीत.