उशिराचा अर्थ

राजाजीनगरातील आमच्या गच्चीवरून आकाश फारसे दिसत नाही. शहराच्या उजेडात मोजकेच तारे तग धरतात. मात्र दर रविवारी सकाळी सात वाजता नारायणगावहून ताईचा दूरध्वनी येतो आणि पाठोपाठ नाशिकहून दादाचा. आई ताईकडेच असे.

नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्यांच्या साहाय्याने दूरच्या स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. स्पंदक ही निसर्गाची अत्यंत नेमकी घड्याळे. एकाचाच ठोका चुकला, तर दोष त्याचा किंवा वाटेतील विरळ वायूचा. परंतु अनेकांचे ठोके परस्परांशी विशिष्ट मेळ राखून, सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी अंतराने, मागेपुढे झाले, तर मधले अवकाशच हलले असे समजावे. असा मेळ आढळू लागल्याचा पुरावा २९ जून २०२३ रोजी भारतीय व परदेशी संशोधकांनी जाहीर केला. परस्परांभोवती फिरणाऱ्या अतिविशाल कृष्णविवरांच्या जोड्यांनी उठविलेल्या या गुरुत्वीय लाटा असाव्यात. त्यांतील एकेक लाट सरण्यास वर्षे लागतात. एखादी विशिष्ट जोडी मात्र अद्याप निःसंशय ओळखता आलेली नाही.

एरवी ताईला उशीर झाला, की मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करी. दादाला झाला, तर त्याच्या आळसाला हसे. एका रविवारी मात्र सात वाजून गेले, साडेसात झाले, आणि दोघेही गप्पच होते. पुढे घंटा वाजली, तेव्हा ती उचलण्यापूर्वीच आई गेल्याचे मला कळले होते.