डुमसच्या काळ्या वाळूवरून

सुरत म्हटले की मराठी वाचकाला शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते, नाही तर शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची घारी. हिऱ्यांच्या आणि जरीच्या या नगरीत आकाश पाहावयास सहसा कोणी येत नाही. मार्गशीर्षातील अमावास्येला आम्ही चौघे सहा इंची परावर्ती दुर्बीण घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर गेलो, ते मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेण्यासाठी.

मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याखाली तीन मंद ठिपके लोंबतात. त्यांतील मधला नुसत्या डोळ्यांनाही धूसर भासतो. तोच हा तेजोमेघ. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदकालाचा निर्णय केला, तो याच नक्षत्राच्या आधारे. लंडनहून हा मेघ क्षितिजावर जेमतेम ३३ अंश चढतो, सुरतेहून ६३; म्हणून आपल्याला तो हवेच्या कमी जाड थरातून दिसतो.

ईशान्येस शहराची, वायव्येस हजिऱ्याच्या कारखान्यांची प्रभा पसरली होती. दक्षिण दिशा त्या मानाने काळोखी होती. दुर्बिणीचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली फळ्या घातल्या. मध्यरात्रीच्या सुमारास मेघ दृष्टीस पडला: पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा, राखाडी, आणि मध्यभागी चार चिमुकले तारे. त्यांच्याच तेजाने भोवतालचा वायू उजळतो. हा प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा जवळच्या नवसारीस चालुक्यांची सत्ता होती.

छायाचित्रात मात्र तोच मेघ तांबडा उमटला. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत आणि प्रकाश साठविताही येत नाही. कॅमेरा तो साठवितो. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी या मेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा एकच काच सुमारे ५० मिनिटे उघडी ठेवावी लागली. शहराच्या उजेडाने चित्र पांढरे पडू नये म्हणून आम्ही ३० सेकंदांची ६० चित्रे घेतली व संगणकावर एकत्र केली. नगराची प्रभा गणिताने वजा करता येते.

डोळ्यांना ती वजाबाकी साधत नाही. यंत्रे सुधारतील तशी चित्रे अधिक सुंदर होत जातील. दर्शन मात्र दिव्यांच्या लखलखाटात हरवत चालले आहे. तेव्हा वाचकहो, येत्या हिवाळ्यात एखाद्या अमावास्येस गच्चीवरचा दिवा मालवून, वीस मिनिटे अंधारात बसून, साध्या द्विनेत्रीतून मुलांना हा मेघ दाखवा. चित्र पुढेही पाहता येईल.